वाऱ्याचे मोल

वारा कोणाच्याही मालकीचा नाही. तो विकत घ्यावा लागत नाही, की खाणीतून खणून काढावा लागत नाही. मग वाऱ्यापासून मिळणारी वीज फुकटच पडावयास हवी, असे कोणालाही वाटेल. परंतु हा हिशेब इतका सोपा नाही. अमेरिकेतील एका पवनचक्कीची हकीकत त्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

त्या देशाच्या व्हरमाँट राज्यात ‘ग्रँडपाज नॉब’, म्हणजे ‘आजोबांची टेकडी’, या नावाची सुमारे २,००० फूट उंचीची टेकडी आहे. पामर पुट्नम या अभियंत्याच्या कल्पनेनुसार एस. मॉर्गन स्मिथ कंपनीने तेथे एक प्रचंड पवनचक्की उभारली. तिला पोलादाची दोन पाती होती आणि ती फिरू लागली की १७५ फूट व्यासाचे वर्तुळ होई. तिची शक्ती १,२५० किलोवॅट होती. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी तिची वीज त्या भागातील वीज कंपनीच्या तारांतून वाहू लागली. एवढी मोठी पवनचक्की जगात तोपर्यंत झाली नव्हती.

पुढे १९४३ मध्ये तिचे मुख्य बेअरिंग निकामी झाले. महायुद्धाच्या टंचाईमुळे ते बदलण्यास दोन वर्षे लागली. चक्की पुन्हा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच २६ मार्च १९४५ रोजी तिचे एक पाते तुटून पडले.

आता पुढे काय करावे? अशाच आणखी चक्क्या उभाराव्यात काय? कंपनीने शांतपणे हिशेब मांडला. नव्या चक्क्यांना दर किलोवॅटमागे सुमारे १९० डॉलर खर्च येणार होता; वीज कंपनीच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोल सुमारे १२५ डॉलरच भरत होते. असे का? वारा लहरी आहे. तो पडला की चक्की थांबते. परंतु लोकांचे दिवे थांबून चालत नाहीत. म्हणून कोळशावर किंवा पाण्यावर चालणारी केंद्रे सज्ज ठेवावीच लागतात. वाऱ्यामुळे कोळसा वाचतो, धरणातील पाणी शिल्लक राहते; पण ती केंद्रे बांधण्याचा खर्च फारसा वाचत नाही. हे ओळखून कंपनीने तो उद्योग सोडून दिला.

तरीही ते श्रम वाया गेले नाहीत. पुट्नमने आपला अनुभव १९४८ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. आज त्याहून कितीतरी मोठ्या पवनचक्क्या अनेक देशांत फिरत आहेत. आपल्या सातारा जिल्ह्यातील पठारांवरही पवनचक्क्या दिसतात. परंतु त्या उभारणाऱ्यांना आजोबांच्या टेकडीवरील प्रश्न आजही सुटलेला नाही : चक्कीला खर्च किती, वारा किती आणि केव्हा वाहतो, व त्यामुळे दुसरे इंधन किती वाचते? वारा फुकट मिळतो. त्याला कामाला लावणे मात्र फुकट होत नाही.