दारू रक्तात असते का?

'खाण तशी माती.' आजोबा प्यायचे, वडील प्यायचे, आता हा. नातेवाईक ही म्हण टोमणा म्हणून वापरतात, पिणारा सबब म्हणून. आणि ज्याने नुकतीच सोडली आहे, त्याच्या मनात ती भीती होऊन बसते: रक्तातच असेल तर माझं सोडणं किती दिवस टिकणार? तुम्ही त्या जागी असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी असेल, तर संशोधन काय सांगतं ते बघूया.

पहिली अडचण अशी, की वडिलांकडून मुलाला जनुकंही मिळतात आणि घरही. मग दोष कशाचा? हे वेगळं करायला डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी 1973 साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या जन्मदात्या आई किंवा वडिलांना दारूचं व्यसन होतं, पण जे अगदी तान्हे असतानाच दुसऱ्या घरी गेले, असे 55 पुरुष. त्यांपैकी 10 जण व्यसनी झाले. तुलनेसाठी घेतलेल्या 78 दत्तक मुलांपैकी 4. म्हणजे धोका जवळपास चौपट. जनुकांचा वाटा आहे, हे मान्यच करायला हवं.

पण तोच आकडा उलटा वाचा. 55 पैकी 45 जण त्या अभ्यासापर्यंत व्यसनी झाले नव्हते!

पुढच्या अनेक अभ्यासांतून दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता साधारण 50 टक्के येते. याचा अर्थ 'मला व्यसन लागण्याची शक्यता 50 टक्के' असा नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला अंदाजे अर्धा जनुकांमधल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच. शिवाय 'दारूचं जनुक' असं एकच काही नसतं. बरीच जनुकं थोडा थोडा हातभार लावतात.

मग वारशात नेमकं येतं काय?

याचं एक उत्तर मार्क शुकिट यांच्या कामातून मिळतं. त्यांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना प्रयोगशाळेत दारू दिली आणि त्यांना ती किती चढते हे मोजलं. सुमारे दहा वर्षांनी पुन्हा गाठलं. ज्यांना कमी चढली होती, त्यांच्यापैकी 56 टक्के व्यसनी झाले होते. ज्यांना जास्त चढली होती, त्यांच्यापैकी 14 टक्के.

आपल्याकडे 'मला चढतच नाही' हे अभिमानाने सांगतात. खरं तर ही धोक्याची घंटा आहे. इतरांचं शरीर जिथे 'बस' म्हणतं, तिथे यांचं म्हणत नाही, म्हणून ग्लास वाढत जातात.

सोडलेल्या माणसासाठी याचा अर्थ काय?

'आता थोडीच घेईन' हा बेत तुमच्यासाठी इतरांपेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. ज्या घरात भाऊ-काका पितात, तिथे लग्नाच्या आदल्या रात्री कुठे बसायचं, कधी निघायचं, हे आधीच ठरवून ठेवा. पुन्हा घसरलात, तर 'शेवटी रक्तच' म्हणून हात टेकू नका. मधुमेहात साखर वाढली की उपचार बदलतो, तसाच इथेही बदलायचा.

आणि अजून रोज भरपूर पीत असाल, तर एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना पैसे पडत नाहीत.

मुलांना काय सांगायचं? खरं तेच. 'आपल्या घरात मधुमेह आहे, जपून खा' हे आपण सहज सांगतो. तितक्याच सहज हेही सांगा. लपवलेला वारसा मुलांपर्यंत पोचतोच, फक्त त्यांना तो माहीत नसतो.