डबी, पुडी आणि गुलाबी कागद

कोल्हापूरची गुजरी असो, पुण्याचा सोन्या मारुती चौक असो की मुंबईचा झवेरी बाजार, काट्यावर वजन झालं, घडणावळीची घासाघीस संपली की सराफाचा हात गुलाबी कागदाकडे जातो. पतंगाच्या कागदाइतका पातळ, राणी रंगाचा, चौकोनी कापून ठेवलेला. दागिना मधोमध, दोन बाजू आत, तिसरी त्यावर आणि चौथीचं टोक खाचेत. डिंक नाही, पिन नाही. मखमली डबी आणि पेढीचं नाव छापलेली पिशवी त्यानंतर येतात.

हा रंग उगाच निवडलेला नाही. तो शुभ मानतात हे आहेच. पण पांढऱ्या कागदावर फिकट वाटणारं सोनं गुलाबीवर तांबूस, भरीव दिसतं. हिऱ्यांच्या व्यापारात हीच युक्ती निळ्या रंगानं साधतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्ससारख्या बाजारात सुटे हिरे आजही कागदाच्या पुडीतूनच दाखवले जातात. पुडीच्या आत गुळगुळीत, निळसर कागदाचा पदर असतो आणि त्यावर किंचित पिवळट हिराही पांढरा वाटतो. म्हणून हिऱ्याच्या रंगाची प्रत ठरवणारे लोक तो पुडीत बघत नाहीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर बघतात. सोनं घेताना आपणही तेवढं करावं. दागिना कागदावरून उचलून तळहातावर घ्यावा आणि दारापर्यंत उजेडात न्यावा. सराफ काही रागावत नाही.

म्हणजे वेष्टन हे आधी विकणाऱ्याच्या कामाचं. दुकानातली डबी देण्याघेण्याच्या दहा मिनिटांसाठी बनते. दागिना पुढं तीस-तीस वर्षं कपाटात राहणार असतो. एकाच डबीकडून या दोन्ही कामांची अपेक्षा धरली की दागिन्याचे हाल सुरू होतात.

कोल्हापुरी साजच घ्या. पारंपरिक साजात २१ पानं असतात, त्यांतली १० दशावताराची म्हणून सांगतात. पानांच्या मधे मधे लाख भरलेले पोकळ जवमणी. हा ऐवज लहान डबीत दुमडून कोंबला की पानावर पान घासतं, नक्षी बोथट होते, ओवणीवर ताण येतो आणि पातळ पत्र्याचे मणी चेमटतात. साजाला, ठुशीला किंवा वज्रटिकेला गळ्याच्या आकाराची सपाट पाटी हवी, दोन्ही टोकं अडकवायला हूक हवेत. बांगड्यांना मधून जाणारा मऊ दांडा लागतो. नथीचं दुखणं आणखी वेगळं. तिची तार नाजूक, मोती पुढं आलेले. डबीचं झाकण बसतं पण मोत्याला टेकतं, आणि पुढच्या लग्नात बाहेर काढावी तर तार वाकलेली. घेण्याआधी एक साधी परीक्षा करता येते. दागिना आत ठेवून डबी बंद करायची आणि कानाशी हलकेच हलवायची. खुळखुळ ऐकू आली तर डबी मोठी. झाकण लावताना बोटाला जोर द्यावा लागला तर लहान.

आकारापेक्षा घातक असतो तो डबीचा माल. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, हे अनेकांना ठाऊक असतं; तेच गंधक डबीतूनही येतं, हे मात्र लक्षात येत नाही. लोकरीत गंधक असतं, रबरातही असतं. हुपरीच्या पैंजणांची जोडी रबरबँडनं बांधून ठेवली तर जिथं रबर टेकलं होतं तिथं काळा पट्टा उमटतो. चामड्यासारखं दिसणारं स्वस्त अस्तर बहुधा पीव्हीसीचं असतं आणि ते जुनं होताना आम्ल सोडतं. दाबलेल्या भुश्शाच्या पाट्या, काही प्रकारचे गोंद हेही त्याच माळेचे मणी. बावीस कॅरट सोनंही यातून पूर्ण सुटत नाही. ९१.६ टक्के सोनं सोडलं तर उरतं ते तांबं नि चांदी, आणि झळाळी मंदावते ती त्यांच्यामुळे.

संग्रहालयांनी या दुखण्यावर एक कसोटीच शोधली आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही वापरात आहे. कपाटाला लावायचं कापड किंवा गोंद थोड्या पाण्यासह काचेच्या बंद भांड्यात ठेवायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांचे छोटे पत्रे, आणि भांडं ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस. पत्रे काळवंडले तर तो माल बाद. आपल्याकडे डबी निवडली जाते ती मखमलीचा रंग बघून.

मोत्याचं सगळं उलटं. चांदीला हवा नको म्हणून झिपच्या पिशवीत ठेवणं बरोबर; मोत्याला पूर्ण कोरडेपणा सोसत नाही, म्हणून त्याची जागा सुती कापडात. ओलावा शोषणाऱ्या पुड्या चांदीपाशी चालतात, मोत्यापाशी नाही. आणि गुलाबी कागद? पावसाळ्यात तो ओला झाला तर कच्चा रंग सुटतो आणि मोत्याला लागतो. कागदाचा खरा गुण निराळा: एखादा खडा निखळला तर तो पुडीतच सापडतो, मखमलीच्या घड्यांत शोधावा लागत नाही.

घरबसल्या ऑक्सिडाइज्ड झुमके, एक ग्रॅमची मंगळसूत्रं विकणाऱ्या बायकांनी हे गणित बऱ्याच पेढ्यांआधी ओळखलंय असं वाटतं. भोकं पाडलेलं जाड कार्ड, त्यावर अडकवलेली जोडी, वर झिपची पिशवी, बाहेर नालीदार पुठ्ठ्याचा खोका. पितळेवरचा मुलामा दमट हवेत टिकावा आणि कुरिअरच्या आदळआपटीत फासा वाकू नये, एवढंच बघायचं असतं. त्यात मखमल नाही, पण मालही परत येत नाही.

बँकेच्या लॉकरपाशी तर सगळ्याच डब्या हरतात. लॉकरचा कप्पा अरुंद आणि लांबोडका, डब्या रुंद. मग त्या लॉकरच्या खोलीतच उघडल्या जातात, दागिने पुड्यांत नि बटव्यांत जातात आणि रिकाम्या डब्या घरी परततात, टाचण्या-बटणं ठेवायला. हे ठरलेलंच असेल तर बँकेत जाण्याआधी घरी धुतलेल्या मलमलीचे तुकडे कापून ठेवावेत, प्रत्येक नग वेगळा गुंडाळावा, हिऱ्याची अंगठी सोन्याच्या बांगडीला लागू देऊ नये आणि प्रत्येक पुडीत चिठ्ठी ठेवावी: काय आहे, वजन किती, हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक कोणता. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी, शाई फुटते.