धोब्याचा काळा गळा

फेब्रुवारी सरता सरता उचगावसारख्या कोल्हापूरलगतच्या गावी ओढ्याकाठी सकाळी अर्धा तास उभे राहिलो, तर ऋतू पालटल्याची खूण एका लहानशा पक्ष्याच्या गळ्यावर दिसते. शेपटी खालीवर करत धावणारा पांढरा धोबी हिवाळाभर आपल्याकडे असतो. तेव्हा त्याचा गळा पांढरा आणि छातीवर काळा पट्टा असतो. आता नवी पिसे येऊन हनुवटीपर्यंत सगळा गळा काळा होतो. (थोरला धोबी मात्र इथलाच. त्याचा गळा बारमाही काळा. कपाळही काळे आणि भुवई ठळक पांढरी.)

हा विणीचा वेश असला, तरी वीण इथे होत नाही. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये पांढऱ्या धोब्याच्या एका प्रकाराला दख्खनवरून ‘दुखुनेन्सिस’ हे नाव दिले. गंमत अशी, की हा ‘दख्खनी’ जन्मतो पश्चिम सायबेरियात!

निघायची वेळ झाली हे त्याला कसे कळते? ऊन तापले म्हणून, असे आपण चटकन म्हणू. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२४-२५ च्या हिवाळ्यात जंको पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवला. ऐन हिवाळ्यात त्यांच्या जननग्रंथी वसंतातल्यासारख्या वाढल्या. म्हणजे खूण उष्णतेची नव्हे, उजेडाची. कवटीतून झिरपणारा प्रकाश टिपणाऱ्या पेशी पक्ष्यांच्या मेंदूतच असतात. कोल्हापुरात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, सर्वांत मोठा १३ तासांचा, फरक थोडाच. पण अनेक स्थलांतरी पक्ष्यांच्या शरीरात वर्षाचे एक घड्याळही चालू असते आणि उजेड ते जुळवून देतो.

धोबी निघण्याच्या तयारीत असतो, तेव्हा इथले रहिवासी घर मांडत असतात. दयाळ पहाटे गाऊ लागतो. वेडा राघू ओढ्याच्या उभ्या काठात चोचीने माती उकरून लांब बीळ करतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. नेमके याच महिन्यांत, पावसाळ्याआधी, ओढे खोल करण्याची कामे निघतात. पोकलँडने काठ तासला, की आतली पिले मातीखाली जातात.

मार्चअखेर विद्यार्थ्यांना बिळे मोजायला लावावीत. खाली ताजी माती पडलेली असेल आणि चोचीत किडा धरून पक्षी आत शिरत असेल, तर बीळ वापरात आहे. पंधरा-वीस पावले दूर थांबावे. बिळात काडी घालू नये. बिळांचा नकाशा एप्रिलपूर्वी ग्रामपंचायतीला दिला, तर तेवढा काठ जूनअखेरपर्यंत वगळायला सांगता येते. त्याच वहीत धोबी शेवटचा दिसल्याची तारीख दरवर्षी लिहावी.