किंमत, कीर्ती आणि जिव्हा

पॅरिसमधील एका हॉटेलात २४ मे १९७६ रोजी नऊ फ्रेंच परीक्षक वाइनचे घोट घेऊन गुण देण्यासाठी बसले होते. कोणी प्रख्यात उपाहारगृहाचा मालक, कोणी वाइनविषयक नियतकालिकाची संपादिका, तर कोणी पिढीजात द्राक्षमळ्याचा धनी. ज्याच्या अधिकाराबद्दल शंका घ्यावी, असे त्यांत कोणीच नव्हते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत असल्याचे निमित्त साधून कॅलिफोर्नियाच्या वाइनची फ्रेंच जाणकारांना ओळख करून द्यावी, एवढाच हेतू स्टीव्हन स्परियर या पॅरिसस्थित इंग्रज व्यापाऱ्याने मनात धरला होता. पांढऱ्या वाइनमध्ये बर्गंडीच्या चार व कॅलिफोर्नियाच्या सहा, लाल वाइनमध्ये बोर्दोच्या चार व कॅलिफोर्नियाच्या सहा, अशी मांडणी होती. नावे मात्र झाकलेली होती. निकाल लागला तेव्हा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली होती!

परीक्षण चालू असतानाच गमती घडल्या होत्या. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाच्या वाइनचा घोट घेऊन, आता कोठे फ्रान्सला परत आलो, अशा अर्थाचा समाधानाचा उद्गार काढला. दुसऱ्याने बर्गंडीची एक मान्यवर वाइन हुंगून, हिला गंधच नाही, त्याअर्थी ही कॅलिफोर्नियाची, असा निर्वाळा दिला. निकालानंतर संपादिकाबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर हे एकटेच पत्रकार तेथे उपस्थित होते. ते नसते तर हा प्रसंग चार भिंतींतच राहिला असता.

या घटनेवरून दोन सोपे निष्कर्ष काढले जातात. एक, कॅलिफोर्नियाची वाइन फ्रान्सपेक्षा श्रेष्ठ ठरली. दुसरा, जाणकारी हे निव्वळ थोतांड आहे. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. लाल वाइनच्या गटात एकूण १८० गुणांपैकी पहिलीला १२७.५ आणि दुसरीला १२६ गुण होते. दीड गुणाच्या फरकाने देशादेशांतील श्रेष्ठत्व सिद्ध होत नसते. सिद्ध झाले ते इतकेच की, नाव झाकले असता श्रेष्ठ-कनिष्ठ ही उतरंड डळमळू लागते.

किमतीचा शिक्का

ही उतरंड आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसला भव्य प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी हवी होती. तेथील दलालांनी ती मुख्यत्वे वर्षानुवर्षे बाजारात मिळत आलेल्या किमतींवरून लावली आणि लाल वाइनच्या पाच श्रेणी पाडल्या. दलालांच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच होते. परंतु पुढे हीच यादी प्रमाण मानली गेली. आरंभी किमतीने श्रेणी ठरवली. नंतर श्रेणी किंमत ठरवू लागली. सरकारी कचेरीतील ज्येष्ठतायादीशी परिचय असलेल्या वाचकांना या यादीचा स्वभाव निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. तीत बदल झाले ते अगदी तुरळक. १९७३ साली बॅरन फिलिप द रॉथशील्ड यांच्या वाइनला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. अवघ्या तीन वर्षांनी पॅरिसच्या परीक्षेत जी दीड गुणाने मागे पडली, ती हीच!

ग्राहकाने किमतीवर विसंबावे, यात अर्थशास्त्राच्या दृष्टीने नवल नाही. बूच उघडल्यावाचून बाटलीतील गुण कळत नाही आणि उघडल्यावर ती परत करता येत नाही. अशा वस्तूच्या बाबतीत किंमत हीच गुणाची खूण मानली जाते. पण ही खूण केवळ खिशावर नव्हे, तर जिभेवरही अंमल गाजवते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वीस जणांना एकच वाइन एकदा दहा डॉलरची व एकदा नव्वद डॉलरची म्हणून देण्यात आली. महाग म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर सुखसंवेदनेशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाचे कार्यही त्या वेळी वाढलेले आढळले. पुढे किंमत न सांगता तीच वाइन दिली, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. बोर्दो येथील संशोधकांनी तर २००१ साली पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली होती. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केले.

नाकाची तालीम

मग रसग्रहण हे सारे सोंगच का? तसे मानणे चुकीचे ठरेल. ब्रिटनमध्ये १९५३ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘मास्टर ऑफ वाइन’ परीक्षेत उमेदवारांपुढे नाव झाकलेल्या ३६ वाइन ठेवतात आणि त्यांचे द्राक्ष, प्रदेश व दर्जा यांविषयी सकारण उत्तर मागतात. थोड्यांनाच साधते; पण साधते. अर्थात हे कौशल्य दैवी देणगीपेक्षा सवयीचे अधिक आहे.

या सवयीची रीत साधी आहे. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून रंग पाहावा, पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, मग लहानसा घोट तोंडभर खेळवावा. जिभेला गोड, आंबट अशा मोजक्याच चवी कळतात. उरलेले काम नाकाचे असते. पडसे झाले असता जेवण बेचव लागते ते यामुळेच. लाल वाइनमध्ये हिरड्या आवळून धरणारा जो गुण असतो, तो सुपारी किंवा कडक कोऱ्या चहाशी परिचित असलेल्या माणसाला परका नाही. आयुर्वेदाने षड्रसांत कषाय म्हणून त्याला स्थानच दिले आहे.

शब्दांचाही प्रश्न आहे. ‘खानदानी’, ‘राजस’ ही विशेषणे वाइनविषयी काहीच सांगत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अ‍ॅन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली याच अडचणीवर उपाय सुचवला. लिंबू, मिरी, कापलेले गवत अशा ओळखीच्या वासांची पद्धतशीर मांडणी त्यांनी केली. तिलाच पुढे गंधचक्राचे रूप आले. बूच सदोष असल्याने बिघडलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, हे एकदा कळले की लेबल कितीही भारदस्त असले तरी फसगत होत नाही.

मद्याविषयी आपल्या समाजात तीव्र मतभेद आहेत आणि ते निराधार नाहीत. परंतु व्यावसायिक परीक्षक घोट गिळत नाही, थुंकतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रसग्रहण आणि नशा या दोन भिन्न वाटा आहेत.

नाशिकच्या परिसरात आज वाइनचा उद्योग उभा आहे आणि नवा रसिकवर्गही घडत आहे. त्याने आयती ज्येष्ठतायादी पाठ करावी की आपले नाक घडवावे, हा खरा प्रश्न आहे. चार मित्रांनी तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे आणि मगच कागद सोडावा. या परीक्षेला फारसा खर्च येत नाही. मात्र चूक निघाली तर गुणपत्रिका परत मागू नये.