अटींची भाषा : न्यूझीलंडच्या प्रादेशिक परिषदा

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली प्रादेशिक परिषदांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांनुसार आखण्यात आल्या. १९९१ च्या संसाधन व्यवस्थापन कायद्यान्वये या परिषदा पाणी उपसण्यास, सांडपाणी सोडण्यास संमती देतात आणि संमतीच्या अटी पाळल्या जातात की नाही, यावरही देखरेख ठेवतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती अटीची वाक्यरचना. समजा, एका अटीत म्हटले, ‘गोठ्यातील सांडपाण्याने ओढा दूषित होऊ नये.’ हेतू उत्तम. परंतु निरीक्षकाने मोजावे काय? ‘ओढ्याच्या काठापासून वीस मीटरच्या आत सांडपाणी पसरू नये’ असे लिहिले, की टेप लावून निर्णय देता येतो. पहिल्या वाक्यावर वाद रंगेल, आणि तोवर घाण पाणी ओढ्यातून नदीला मिळालेले असेल.

आपल्या परिसरातील एखादे परवानापत्र मिळवून त्यातील मोजता येणाऱ्या अटी अधोरेखित करा.