सायनोटाइपसाठी जुनं एक्स्पोजर मशीन घेताय?

१८४२ मध्ये जॉन हर्शेलने सायनोटाइप शोधला तेव्हा उन्हावरच भागायचं. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन दडी मारतं, आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांचं जुनं मशीन स्वस्तात दिसलं की हात शिवशिवतात. थांबा! आधी ट्यूबवरचा नंबर वाचा. सायनोटाइप, व्हॅन डाइक, गम या छपाईच्या पद्धतींना साधारण ३५० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश चालतो. २५४ची ट्यूब जंतुनाशक असते. ती डोळे-कातडी भाजते, आणि साध्या काचेतून तो प्रकाश पलीकडे जातच नाही. फुकट मिळाली तरी नको.

ट्यूब पेटते म्हणजे ती चांगली, असंही नाही. उजेड तेवढाच दिसतो, पण वापराने अतिनील घटलेलं असतं. असो, ट्यूब बदलता येतात. मी आधी बघतो ते निगेटिव्ह कागदावर दाबून धरणारं व्हॅक्यूम. रबराला चिरा असतील किंवा पंप हवा ओढत नसेल, तर निगेटिव्ह कागदाला घट्ट बसत नाही आणि बारीक रेषा पुसट येतात.

बघायला जाताना लेप लावलेला मोठा कागद काळ्या पाकिटात न्या. निगेटिव्हशिवाय थोडाच वेळ एक्स्पोज करून तिथेच पाण्यात धुवा. मध्ये गडद, कडांना फिकट निघाला तर उजेड सगळीकडे सारखा पडत नाही; भाव पाडा, आणि पडला नाही तर सरळ घरी या.

तुमचं मशीन कोणतं? फोटो टाका!