पन्नास पानं वाढायची आहेत? मग पिठलं-भाकरीच करा!

बारसं, मुलीचं डोहाळजेवण, सासऱ्यांची पंच्याहत्तरी, नव्या घरची वास्तुशांत किंवा सत्यनारायण. निमित्त कुठलंही असो, यादी करायला बसलं की वीस माणसांची पन्नास कधी होतात ते कळतही नाही. मग केटररला फोन जातो. तो दोन भाज्या, दोन गोड पदार्थ, पुरी, पुलाव, पापड, सॅलड अशी साखळी सांगतो आणि शेवटी पानाचा जो दर सांगतो, त्याला पन्नासनं गुणलं की घरात शांतता पसरते. नवरा म्हणतो, "होऊन जाऊ दे, रोज रोज का करतो आपण?" आणि तुम्ही मनातल्या मनात गॅस, दूध, मुलांची फी मोजू लागता.

मैत्रिणींनो, अशा वेळी निरवांगीकडे बघावं असं मी म्हणेन. निरवांगी हे इंदापूर तालुक्यातलं नीरा नदीकाठचं गाव. वालचंदनगर तिथून जवळच. आषाढी वारीत सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी या वाटेनं पुढे अकलूजकडे जाते. तुकोबारायांची पालखीही याच तालुक्यातून, बेलवाडी-इंदापूर-सराटी अशी जाते. म्हणजे वर्षातले काही दिवस या मुलखातल्या बायकांच्या दारात पन्नास नव्हे, शेकड्यांनी पानं पडतात. त्यांच्याकडे ना केटरर, ना पनीर. तरी कुणी उपाशी जात नाही आणि वाढणारीला सावकाराकडेही जावं लागत नाही.

हे जमतं कसं? माझ्या मते त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे पदार्थ मोजकेच आणि रोजच्या हाताखालचे असतात. दुसरं म्हणजे काम एका घराच्या डोक्यावर नसतं. वारीच्या वाटेवर भाकऱ्या घराघरांत वाटून दिलेल्या असतात. या घरच्या पंचवीस, त्या घरच्या तीस. फडक्यात बांधलेल्या चवडी देवळापाशी येतात. कालवण मात्र एका जागी, मोठ्या पातेल्यात शिजतं. म्हणजे जे काम वाटता येतं ते वाटायचं आणि जे एका हाताचंच बरं लागतं ते एकाच हाताकडे ठेवायचं. शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातसुद्धा हे करता येतं. फक्त तोंड उघडून मदत मागायला हवी, आणि आपण अडतो तिथेच.

आता हिशेबाला बसू. पन्नास माणसं, त्यांत दहा-बारा मुलं धरली आहेत.

पिठल्याला दीड किलो बेसन पुरतं. ऐकून खोटं वाटेल, पण माणशी तीस ग्रॅम बेसन म्हणजे चांगली मोठी वाटीभर पिठलं होतं. पाणी आठ ते नऊ लिटर. कांदे दीड किलो, लसूण पाव किलोला थोडा कमी, हिरव्या मिरच्या दीडशे ग्रॅम (तिखट असतील तर शंभरच), तेल अर्धा लिटर, कोथिंबिरीच्या तीन जुड्या. मीठ आधी शंभर ग्रॅम घाला आणि मग चव घेऊन वाढवा. मोठ्या स्वयंपाकात घरच्या चमच्याचा अंदाज हमखास चुकतो.

एकाच अजस्र पातेल्यात करू नका. घरच्या गॅसच्या शेगडीवर मोठं पातेलं मधेच तापतं, कडेला गार राहतं, आणि बेसन बुडाला धरतं. एकदा करपल्याचा वास लागला की सगळं पातेलं गेलं. सात-आठ लिटरची दोन पातेली घ्या. बेसन आधी गार पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून ताकासारखं सरसरीत करून ठेवा. फोडणीत लसूण लाल होऊ द्या, कांदा चांगला परता, मग उरलेलं पाणी ओतून खळखळ उकळी आणा. आता एकीनं कालवलेलं बेसन धारेनं सोडायचं आणि दुसरीनं हलवत राहायचं. हे एकटीचं काम नाही. मग झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं वाफ द्या. कच्च्या बेसनाचा वास गेला पाहिजे, नाहीतर पाहुण्यांची पोटं रात्री तुमची आठवण काढतील. पिठलं ठेवलं की घट्ट होत जातं. म्हणून शेजारी एक पातेलंभर आधणाचं पाणी राहू द्या आणि दर पंगतीला थोडं थोडं घालून सारखं करा.

भाकरीची भीती सगळ्यांना असते. पन्नास माणसांना, बरोबर भात असेल, तर सत्तर भाकऱ्या पुरतात. शहरी हाताची भाकरी धरली तर किलोभर पिठाच्या अकरा-बारा होतात, म्हणजे साधारण साडेसहा किलो पीठ. सत्तर भाकऱ्या एकटीनं थापायला बसाल तर पाहुणे येईपर्यंत तुमची कंबर गेलेली असेल. पण सात घरी दहा दहा? शेजारीण, जाऊ, नणंद, वहिनी, भिशीतल्या दोघी. पीठ तुम्ही द्या. दळण आदल्या दिवशीचंच हवं. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना चिरा पडतात आणि दोष नसताना दहा भाकऱ्या करणारीला बोल लागतो. ज्वारीचंच पीठ घ्या. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट होतं आणि भाकरीही लवकर कडक होते. थापून आलेल्या भाकऱ्या गरम असताना स्टीलच्या डब्यात कोंबू नका, घाम धरून चिकट होतात. टोपलीत सुती फडकं घालून उभ्या-आडव्या लावा. आणि शेजारच्या सात घरी जमत नसेल, तर आता बऱ्याच गावांत बचत गटाच्या बायका नगावर भाकऱ्या करून देतात. पैसे तिथे जाऊ द्या. केटररच्या पनीरपेक्षा ते बरे.

पनीरवरून आठवलं. पन्नास पानांना पनीरची भाजी करायची तर माणशी सत्तर ग्रॅम धरूनही साडेतीन किलो पनीर लागतं, वर काजू-टोमॅटो वेगळे. दीड किलो बेसनाशेजारी ही रक्कम मांडून बघा आणि मग ठरवा. "पिठलं काय पाहुण्यांना वाढायचं?" असं म्हणणारी एखादी आत्या प्रत्येक घरात असते. तिला भाकरी गरम द्या, वर घरचं लोणी ठेवा आणि शेजारी ठेचा. ती दुसऱ्यांदा पिठलं मागते की नाही बघा. ठेच्याला पाव किलो मिरच्या, मूठभर लसूण आणि शेंगदाणे. कांदे तीन किलो, आयत्या वेळी फोडायचे.

भाताला माणशी पन्नास ग्रॅम तांदूळ, म्हणजे अडीच किलो. भाकरी नको, नुसता मसालेभात-मठ्ठाच करायचा असेल तर मात्र दुप्पट, पाच किलो धरा. हा अंदाज माझ्या मनचा नाही. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम धान्य धरतात. मोठी माणसं समारंभात, मठ्ठा पिऊन, त्याहून फार जास्त भात खात नाहीत. भातही एका पातेल्यात न लावता कुकरच्या तीन खेपा करा. मोठ्या पातेल्यातला भात खाली गिचका आणि वर कणीदार राहतो.

मठ्ठ्याला तीन किलो दही आणि दुप्पट पाणी. आलं, जिरेपूड, कोथिंबीर घालून आधी घुसळून ठेवा, मीठ मात्र वाढायच्या आधी घाला. मंडपवाल्याकडून पितळेची भांडी आणली असतील तर आत कल्हई आहे का ते बघून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत मठ्ठा किंवा चिंचेची आमटी ठेवली तर कळकते, आणि तसलं आंबट पोटात गेलं की उलट्या ठरलेल्या. ही चौकशी भांडी घरी आल्यावर नव्हे, उचलायच्या आधी करायची.

गोडाला लापशी. आपल्याकडे ऊस, गूळ, गहू सगळं आहे आणि तरी आपण बाहेरून गुलाबजामचे डबे आणतो! दीड किलो लापशी रवा पावशेर तुपावर खमंग भाजा, तिप्पट उकळतं पाणी घालून मऊ शिजवा, आणि पूर्ण शिजल्यावरच दीड किलो चिरलेला गूळ घाला. आधी गूळ पडला तर दाणा टचटचीत राहतो, मग कितीही शिजवा. वरून वेलची, खोबऱ्याचा कीस. दूध घालायचा मोह झाला तर आवरा, गरम गुळाला दूध फाटतं. ज्यांना हवं त्यांना पानात गार दूध द्या.

इतकंच जेवण. पिठलं, भाकरी, ठेचा-कांदा, भात, मठ्ठा, लापशी. थंडीचे दिवस असतील तर भाताऐवजी हुलग्याची शेंगोळी करून बघा, पण वळायला चार हात असतील तरच. एकटीनं पन्नास माणसांची शेंगोळी वळणं ही हौस नव्हे, शिक्षा आहे.

आता माझा खरा मुद्दा. वारीच्या पंगतीत बायका रांधतात आणि वाढायला बहुतेक गावातली पोरं, पुरुष असतात. हातात बादली, पळी, तोंडानं "भाकरी, भाकरी!" करत रांगेतून पळतात. शहरातल्या समारंभात मात्र पुरुष सोफ्यावर आणि घरची बाई सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत ओट्यापाशी. तिच्याच घरच्या कार्यात पाहुण्यांशी दोन शब्द बोलायला तिला मिळत नाहीत. फोटोत ती दिसते ती पदराला हात पुसताना. आणि शेवटी जेवते तेव्हा पिठलं गार, लापशी संपलेली. ज्या बेतात हे टळत नसेल तो कितीही स्वस्त असला तरी मी त्याला स्वस्त म्हणणार नाही.

म्हणून यादी करतानाच दोन नावं वाढप्यांची लिहा आणि ती पुरुषांची लिहा. थोरला मुलगा आणि दीर. त्यांना आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी नको. "भात तू, मठ्ठा तू" असं वाटून दिलं तर जमतं. "जरा मदत करा ना" म्हटलं तर कुणी उठत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेलच. आणि तुम्ही पहिल्या पंगतीला बसा. सासूबाई काय म्हणतील? त्यांनाही शेजारी बसवा. आयुष्यात कधी पहिल्या पंगतीला जेवल्या असतील का त्या?

थोडं सामानाचं. थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा त्या शोधू नका. मंडळाची किंवा बचत गटाची स्टीलची ताटं भाड्यानं मिळतात. पानांच्या पत्रावळी घेतल्या तर घासायचं काम वाचतं, पण पिठलं पातळ असेल तर द्रोण जास्त घ्या. पिण्याचं पाणी माणशी लिटरभर तरी भरून ठेवा.

उरलेल्याची काळजी करण्याचं कारण उरणार नाही, पण उरलंच तर भाताकडे आधी बघा. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पातेल्यात पडला की त्यात विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. दोन तासांच्या आत परातीत पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. भाकऱ्या उरल्या तर सकाळी कुस्करून फोडणीला टाका. पिठलं उरलं तर ते पाहुण्यांबरोबर डब्यात घालून द्या. निघताना डबे मागून घ्यायला मात्र विसरू नका, झाकणावर आधीच नाव टाकून ठेवा.